अंतऱ्याची जागा

संभाजीरावांनी त्या माणसाची मानगूट धरली आणि त्याला गादीवरून खाली फरफटत आणलं. तंबोरा आडवा झाला. तबलजी आपला डग्गा पोटाशी धरून मागे सरकला. ग्वाल्हेरच्या हजीरा वस्तीतल्या या मंडपात त्र्यंबकबुवांच्या पुण्यतिथीला बारा वर्षांत कुणी आवाज चढवला नव्हता, आणि आता चांगली शहाणीसुरती माणसं कनातीचे बांबू उपसत होती.

गुन्हाच तसा होता. बुवा गेले तेव्हा त्यांच्या शेवटच्या चिजेची फक्त स्थायी लोकांना ठाऊक होती. पुढचा अंतरा ते बरोबर घेऊन गेले. म्हणून दर वर्षी त्यांचे थोरले शिष्य संभाजीराव स्थायी म्हणत, आणि अंतऱ्याच्या जागी सगळे माना खाली घालून गप्प बसत. नुसता ठेका चाले. आज त्या शांततेत तंबोऱ्यावर बसलेला हा उपरा खुशाल गायला लागला! दोन शब्द गायला असेल नसेल.

आणि उपरा तरी कुठला? भोपाळचा कारकून, महिपतराव नावाचा. भोपाळ राजधानी ठरवून नवं राज्य होऊन महिना झाला नव्हता. ग्वाल्हेरची दप्तरं गाड्या भरभरून भोपाळला चालली होती, आणि ती न्यायला आलेल्यांपैकी हा एक. संभाजीराव ज्याच्या फौजेत होते ते ग्वाल्हेर संस्थान गेलं, पलटण मोडली, सुभेदारी गेली. सगळं त्यांनी मुकाट सोसलं. बुवांची ही शांतता तेवढी त्यांची उरली होती. आता तीही हा भोपाळवाला उचलून नेणार?

"मारो साले को! राजधानी ले गए, अब बुवा को भी ले जाएँगे!" कुणीतरी ओरडलं.

पहिला बांबू महिपतरावांच्या खांद्यावर बसला. ते गुडघ्यांवर कोसळले, तसेच हात जोडून म्हणाले, "संभाजीराव, ऐका तर... हा आपला..."

संभाजीरावांचं डोकं फिरलं होतं. लढाईत कमावलेली मूठ त्यांनी त्या गळ्यावर हाणली. एकदा. मग पुन्हा. आत काहीतरी मोडल्याचं हाताला कळलं, तरी ते थांबले नाहीत.

"सोडा, दादा! अहो, मीच बसवलं त्यांना तिथं!"

बुवांची मुलगी कुमुदिनी बायकांच्या बाजूने गर्दी रेटत आली. संभाजीरावांनी मूठ सोडली. महिपतरावांचे डोळे उघडेच होते. कुमुदिनीने त्यांच्या नाकाशी बोटं धरली, बराच वेळ धरली, मग हात मागे घेतला.

"सकाळी घरी आले होते हे," ती म्हणाली. "बाबा अस्पतालात होते ना, तेव्हा शेजारच्या खाटेवर होते. बाबांनी अंतरा यांना शिकवला."

संभाजीरावांना ते झोंबलं. "यांना? आणि मी कोण होतो?"

"तुम्ही ब्रह्मदेशात होतात, दादा. तुम्हाला पोचवायलाच दिला होता. यांनी पलटणीच्या पत्त्यावर चिठ्ठ्या टाकल्या, सगळ्या वापस आल्या. आता दप्तरांच्या कामाने इथं येणं झालं, तर घर शोधत आले. मला वाटलं, भर सभेत मिळू दे तुम्हाला. यांना म्हटलं, तोवर मला तरी म्हणून दाखवा. तर म्हणाले, नाही ताई, ज्यांचा आहे त्यांनी आधी ऐकायचा."