कोरं माप

“पातं भिंतीला घासतंय.” आठल्ये साहेबांनी टाकीत टॉर्च मारून पुन्हा पाहिलं. “ही ढवळणी कोणी बनवली?”

“मी, साहेब,” खाजाभाई म्हणाले आणि एक पाऊल पुढे आले.

जळगाव एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळल्या. खाजाभाईंनी फक्त एका चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. तो तहरीमचा होता. या प्रयोगाची प्रमुख इंजिनीअर आणि त्यांची थोरली लेक. तिला नोकरी लागली तेव्हा त्यांनी अख्ख्या तांबापुऱ्यात पेढे वाटले होते, ओळख असो वा नसो.

प्रयोग ऐकायला सोपा होता. केळीचे खांब कुजवून निघालेला गॅस थंडगार पाण्यात दाबाखाली कोंडायचा. पाण्याचा बर्फासारखा भुगा होतो आणि गॅस त्यातच अडकून बसतो. याला म्हणायचं गॅस हायड्रेट. पाइपलाइन नको, काही नको. थंड पेटीत भरा आणि गाडीवर टाकून न्या. घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. एक घाणा उतरायला पाच तास लागत, आणि तेवढ्या विजेत सगळी कमाई वाहून जाई. आज पुण्याच्या मुख्य ऑफिसातून आठल्ये साहेब शेवटचं बघायला आले होते. दीड तासात घाणा उतरला तर कारखाना इथे, नाही तर गाशा गुंडाळायचा. तहरीमची दोन वर्षं त्या टाकीत गेली होती.

आणि नव्या ढवळणीचा नकाशा खाजाभाईंच्या लेथवर आला तेव्हा त्यात एक माप कोरं होतं. पातं आणि टाकीची भिंत यांच्यात अंतर किती, तिथे आकडाच नव्हता. खाली सही तहरीमची.

पस्तीस वर्षांत हा माणूस नकाशाबाहेर एक सूतसुद्धा गेला नव्हता. कोणी सल्ला विचारला की ठरलेलं उत्तर, “माझी अक्कल विचारू नका, नकाशा दाखवा.” घरी तहरीमनेही ढवळणीबद्दल दोनदा विचारून पाहिलं होतं. त्यांनी हात झटकले होते. “तू शिकलेली, बेटा. मी आठवी नापास. मला काय कळतंय त्यातलं?”

आता फोन करून माप विचारावं तर ऑफिसभर बोभाटा होणार की मॅडम आकडा घालायला विसरल्या. लेकीची चूक बापाने नाही झाकायची तर कोणी? त्यांनी फोन केलाच नाही आणि ती जागा त्यांनी हाताला ठाऊक असलेल्या गोष्टीने भरली. त्यांचे वडील हाताने फिरवायचे आइस्क्रीमचे पॉट दुरुस्त करायचे. आतल्या लाकडी पट्ट्या झिजल्या की भिंतीला बर्फाची साल धरते, मग बाहेर कितीही बर्फ-मीठ घाला, आत दूध ते दूधच. खाजाभाईंनी पात्यांना टेफ्लॉनच्या पट्ट्या लावल्या, मागे स्प्रिंग दिल्या. अंतर शून्य.

“नकाशात असंच दाखवलं होतं?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. चूक माझी आहे. मॅडमचा यात काही संबंध नाही.”

पस्तीस वर्षांचं नाव एका वाक्यात गेलं. खाजाभाईंना त्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला. पण तहरीमकडे बोट गेलं नाही, एवढं त्यांना पुरे होतं.

ढवळणी काढून नवी बसवायची म्हणजे चार दिवस. साहेब घड्याळ बघू लागले. तेवढ्यात असोद्याचे कौतिकभाऊ बोलले. केळीचे खांब त्यांच्याच शेतकरी गटाकडून यायचे. “साहेब, मले तं यातलं काई समजत नही. पन आता बसवलंच हाये तं फिरवून पाहा ना! घोडामैदान जवळच हाये.”

झाकण बसलं. गॅस सुटला. आतून खर्र-खर्र आवाज येऊ लागला. एरवी विसाव्या मिनिटाला भिंतीवर जाड साल धरायची आणि मोटर कण्हायला लागायची. आज विसावं मिनिट गेलं, चाळिसावं गेलं. साल धरायच्या आतच पाती ती खरवडून काढत होती. मीटरवरचा आकडा सांगत होता की पाणी गॅस नुसतं पीत सुटलं आहे. खाजाभाईंचे ओठ हलत होते. ते काय पुटपुटत होते ते एका अल्लालाच ठाऊक.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला मोटर थांबवली. दाब उतरवून झाकण उघडलं तर टाकी पांढऱ्याशुभ्र भुग्याने भरलेली. तहरीमने चमचाभर भुगा ताटलीत घेतला, लांब नेला आणि काडी लावली. खालून पाणी ठिबकत होतं आणि वर ज्योत नाचत होती.

“बर्फ पेटला, बापा!” कौतिकभाऊ ओरडले.

टाळ्या वाजल्या. आठल्ये साहेबांनीही वाजवल्या. मग त्यांनी टेबलावरचा नकाशा ओढून घेतला आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं.

“तहरीम, इथे माप नाहीये. खाली तुमची सही आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट विसरलात कशा?”

खाजाभाई पटकन मध्ये आले. “साहेब, तिला नका बोलू, मी सांगितलं ना, चूक माझी...”

“विसरले नव्हते, सर,” तहरीम म्हणाली. “पुस्तकांत चार ठिकाणी चार मापं होती, आणि एकही कामाचं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांना घरी दोनदा विचारलं. ते म्हणाले, मी आठवी नापास.”

शेडमध्ये सगळ्यांसमोर तिने पहिल्यांदाच त्यांचा हात हातात घेतला.

“माझे अब्बा नकाशात असेल तेवढंच करतात, सर. म्हणून मी नकाशातच त्यांच्यासाठी जागा सोडली.”