पाऊण तासाचं काम

अकरा वाजून पाच मिनिटांनी टिपणीसने दातांच्या लॅबमध्ये नानांची तडकलेली कवळी अखेर जोडायला घेतली. लग्नाचा मुहूर्त बारा वीसचा होता.

कवळी तीन आठवडे त्याच्या टेबलावर डबीत पडून होती. रोज तो डबी बाजूला सरकवायचा आणि वर्तमानपत्र उघडायचा. लग्न नानांच्या नातीचं. घरातल्या प्रत्येक लग्नात शेवटचं मंगलाष्टक नानाच म्हणत आले होते. सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. "टिपणीस, नवरी नटून बसली, तुमचा 'उद्या' काही उजाडला नाही. मामंजी म्हणतात, बोळक्या तोंडानं माईकसमोर जाणार नाही."

"लाइट नव्हती हो, वहिनी," तो म्हणाला. लाइट एकदाही गेली नव्हती.

पाऊण तासात कवळी जोडून, घासून तयार झाली. एवढंच काम होतं. कवळी डबीत ठेवताना त्याला स्वतःची शरम वाटली.

तो कार्यालयात शिरला तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली होती. दारातल्या बाईंनी त्याच्या हातावर अक्षता ठेवल्या. "या, अगदी वेळेवर आलात," त्या म्हणाल्या.

समोर अंतरपाटाशेजारी नाना तोंडावर उपरणं धरून उभे होते. भटजींनी माईक त्यांच्यापुढे केला. टिपणीस डबी उंच धरून गर्दीतून वाट काढू लागला. नानांनी अजून माईक घेतला नव्हता. बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती.