विंगेतली खुर्ची

दुसऱ्या अंकात काका अडले, आणि विंगेत चिडीचूप शांतता.

अडले म्हणजे ठरवून अडले. नाटकातल्या खडूस घरमालकाची सगळी वाक्यं या वेळी त्यांना तोंडपाठ होती. एरवी उभ्या जन्मात त्यांनी पाठांतराचा त्रास घेतला नव्हता. गरजच काय? विसरलेली वाक्यं पुरवायला विंगेतल्या खुर्चीत त्यांची बायको बसायची. काकूंना अख्खं नाटक पाठ. हातात संहिता धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. ‘काकांचा मेंदू खुर्चीत बसतो,’ असं नाटकातली मंडळी म्हणत आणि सगळ्यांत मोठ्याने काकाच हसत.

म्हणून तर मुलीने डॉक्टरांकडे नेलं ते काकांना. विसरभोळे ते ना! काकू आपल्या सोबतीला गेल्या. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. काका सहीसलामत सुटले, काकू अडकल्या; विसरण्याचा आजार निघाला तो त्यांना. “पुरुषांचं विसरणं लगेच दिसतं,” डॉक्टर म्हणाले. “बायका पुष्कळदा शब्दांच्या पक्क्या असतात. बोलण्यात निभावून नेतात, म्हणून घरच्यांना उशिरा कळतं.”

तेव्हापासून काका पहाटे गच्चीवर जाऊन पाठांतर करत. प्रयोगात मात्र काकूंना हमखास आठवेल अशाच जागी अडत. कारण काकूंनी एकदा भलतंच वाक्य पुरवलं तेव्हा दिग्दर्शकाने बजावलं होतं, पुन्हा घोटाळा झाला तर खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल. खुर्ची गेली की काकू घरात नुसत्या बसून राहतील, याची काकांना फार भीती वाटत होती.

आणि आज ही शांतता. समोर भाडेकरू झालेला नट हात जोडून उभा. काका वाक्य स्वतःच म्हणणार, तोच विंगेतून खणखणीत आवाज आला.

“थांबा ना. तुम्ही गेलात तर या घरात मी बोलू कुणाशी?”

हे वाक्य लग्नाआधी दोघांनी केलेल्या पहिल्या नाटकातलं. पहिल्या दोन रांगांना ते स्वच्छ ऐकू गेलं. आता खुर्ची जाणार, असं काकांना वाटलं. पण किती वर्षांनी कानावर पडलं होतं! त्यांना एकदम हसूच फुटलं.

“थांबा ना. तुम्ही गेलात तर या घरात मी बोलू कुणाशी?” ते भाडेकरूला लाडाने म्हणाले. भाडेकरूने आ वासला. “असं आमची बायको म्हणते!” काका गरजले. “मी म्हणतो, खोली रिकामी करा!”

लोक हसून हसून बेजार झाले. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक तरातरा आला. “काका, ते वाक्य कुठलं?”

“आमचं,” काका म्हणाले.

“मग उद्याही हवं. आणि काकू, असंच खुर्चीतून, मोठ्याने.”

तो गेला. काकांचा आनंद चेहऱ्यावर मावेना. त्यांनी हात पुढे केला, तो धरून काकू उठल्या.

“उद्याही तिथेच अडा,” त्या म्हणाल्या. “आणि अहो, पहाटे पाठ करताना गच्चीचं दार लावून घेत जा. खाली सगळं ऐकू येतं.”