पुढची डावी सीट

"रंग द्या, मऊ करा, काय वाटेल ते करा. पण हा खळगा भरायचा नाही." श्रीनिवास आपट्यांनी पुढच्या डाव्या सीटवर अलगद बोट टेकवलं.

दिगंबरनं चष्मा वर सरकवला. नाना पेठेतल्या त्याच्या दुकानात 'घाई असेल तर नवी सीट घ्या' अशी पाटी होती आणि चाळीस वर्षांत लेदरच्या सीटचे लोकांनी केलेले सगळे लाड त्यानं पाहिले होते. खळगा ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक मात्र पहिलंच.

"सीट बसकी दिसेल, साहेब."

"दिसू दे. ती इथंच बसायची. आता कोणी बसत नाही."

ती. एवढंच. दिगंबरला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यानं तरी बायकोला, हिराला, कधी नावानं हाक मारली होती? सगळा संसार 'अगं'वर झाला. ती वारल्यावर महिन्याभरात त्यानं स्कूटरची फाटकी सीट बदलली होती. धंदाच तो, हात स्वस्थ बसेनात. नवं कव्हर ताणून बसवलं आणि मग लक्षात आलं, मागचा तिचा खळगाही गेला. त्या दिवशी तो शटर ओढून घेऊन रडला होता. आजही ती सीट पाहिली की स्वतःच्या हातांचा राग येई.

"नाही भरत," तो म्हणाला.

गाडी कॉन्टेसा, एक्याण्णवची. पुढची डावी सीट वापरानं झिजलेलीच नव्हती. उन्हानं आणि नुसतं पडून राहिल्यानं तडकली होती. झिजली होती ती मागची डावी बाजू. शिवण उसवलेली, स्पंज पार चेपलेला.

"मागचीही करू का? तिथं कोणीतरी बरंच बसतंय."

"तिचं काही नाही. राहू दे."

नातवंडं असतील, दिगंबरनं मनाशी ठरवून टाकलं.

जुन्या लेदरचा खरा रंग सीटच्या पोटाखाली सापडतो, जिथं ऊन पोचलेलं नसतं. दिगंबरनं सीट काढून उलटी केली. काकवीसारखा तांबूस रंग होता. त्यानं तसा मिसळला, पातळ हात दिला. दुसऱ्या दिवशी श्रीनिवास आले, बघत राहिले.

"किंचित उजळ झालाय. तेव्हा असा नव्हता."

दुसरा कोणी असता तर दिगंबरनं त्याला पाटीकडे बोट दाखवलं असतं. इथं त्यानं रंग पुसला आणि पुन्हा मिसळला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा श्रीनिवास खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. सरळ झाले तेव्हा डोळे भरलेले होते.

"वहिनी भाग्यवान," दिगंबर म्हणाला.

"तुम्ही वरचा हात चकचकीत देऊ नका," श्रीनिवास म्हणाले.

पुढच्या सीटच्या पाठीला असलेल्या खिशात लवंगांची एक डबी निघाली. गाडीत सापडेल ते पुडीत बांधून परत द्यायचं, हा दिगंबरचा नियम. त्यानं पुडी बांधली.

गाडी तयार झाली त्या दिवशी फोन आला. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. घरी आणून द्याल का? सहकारनगरला."

दिगंबर सावकाश चालवत गेला. शेजारच्या सीटवर त्यानं पुडीसुद्धा ठेवली नाही, खिशात ठेवली.

बंगल्यातून एक साठीच्या बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. साहेबांची बहीण असावी.

"त्यांना डोळ्यात औषध घालून निजवलंय. बघू तरी, आठ दिवस काय चाललं होतं ते."

त्यांनी थेट पुढचं डावं दार उघडलं. दिगंबर लगबगीनं आडवा झाला.

"ताई, तिथं बसू नका. वहिनींची जागा आहे ती. खळगासुद्धा भरू दिला नाही साहेबांनी. तीन वेळा रंग बदलून घेतला. इतकी माया मी कुठं बघितली नाही."

बाई थांबल्या. दिगंबरनं पुडी पुढं केली. "ही मागं सापडली."

त्यांनी पुडी सोडली. डबी ओळखीची असावी, चटकन कमरेला खोचली.

"मागं बसलं की मळमळतं मला, म्हणून लवंग लागते." त्या सीटकडे बघत होत्या. एकाएकी त्यांचा चेहरा लग्नातल्या मुलीसारखा उजळला. "अहो, मीच वहिनी! लग्न होऊन आले तेव्हापासून तीस वर्षं सांगतायत, पुढची सीट मोडकी आहे, तू आपली मागंच बस. आणि मला न सांगता माझ्यासाठी दुरुस्त करून घेतली होय!"