पाठीवरचा भोपळा

पलूसला विहिरीच्या पायरीवर नात संयोगिता अडून बसली. "आजी, तूच पाण्याला घाबरतेस, मग मी कशी उतरू?" खरं होतं. लहानपणी याच विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून मी पोहत असताना काठावरून धाकटा भाऊ गुंडा ओरडला, "आक्के, भोपळा सुटला." ऐकताच हातपाय गळाले, मी गटांगळ्या खाल्ल्या. वडिलांनी वर काढलं तेव्हा भोपळा पाठीलाच होता. तेव्हापासून पाण्यात पाय टाकला नव्हता. आज भोपळा बांधून उतरले. अंगाला पोहणं आठवत होतं. निम्म्यात पोहोचले, तोच काठावरून गुंडा बोळकं पसरून हसला. "आक्के, भोपळा सुटला बग." गाठ चाचपली. घट्ट होती. मग ती मीच सोडली आणि भोपळा त्याच्याकडे ढकलला. "आता सुटला बग. धर, पोरीला बांध." संयोगितानं उठून दोन्ही हात वर केले.