तांबशेपटीचा नर

मासेमाराच्या पहिल्या पत्राला म्हाताऱ्याने उत्तर दिलंच नव्हतं. ‘साहेब, तुमच्या पुस्तकातली तांबशेपटी जाळ्यात जिवंत मिळाली. मादी आहे. हौदात ठेवली आहे. नर कुठे मिळेल ते कळवा, तोवर सांभाळतो.’

आज दुसरं आलं होतं. ‘यंदाही तिने अंडी टाकली. वाया गेली. पाणी रोज बदलतो, पण हात आता चालत नाहीत. काय करू?’

पत्र बाजूला ठेवून म्हातारा बरणीत स्पिरिट भरू लागला. मत्स्यालय बंद झालं तेव्हा एवढी एक बरणी त्याला घरी नेऊ दिली होती. आत तांबशेपटीचा नर होता, त्यानेच पकडलेला. त्यानंतर मासेमाराच्या गावच्या त्या नदीत दुसरा नर कुणालाच मिळाला नव्हता. शेपटीची तांबडी कड केव्हाच पांढरी पडली होती.

“नवरोबाला पाजून झालं असेल,” बायको दारातून म्हणाली, “तर त्याच्या बायकोसाठीही दोन ओळी लिहा.”

“काय लिहू? नर उरलाच नाही, असं खात्रीने कसं सांगू? न सापडणं म्हणजे नसणं नव्हे.”

“मग आहे म्हणून लिहा.”

“तेही कसं लिहू?”

“तुमचं ठरेपर्यंत तो बिचारा पाणी बदलतोय.”

त्याने झाकण घट्ट फिरवलं. “याला तेव्हाच पाण्यात सोडायला हवं होतं. पण मासा हातात असल्याशिवाय ही जात नवी आहे हे कुणी मानलं नसतं. खवले मोजावे लागतात.”

ती आत येऊन शेजारी बसली.

“तिला सोडून द्यायला सांगा. तिची ती शोधील.”

“उभी हयात शोधला मी. नाही मिळाला.”

“तुम्हाला नाही मिळाला. तुम्ही काय मासा आहात?”

कागद ओढून त्याने लिहिलं, ‘नर बहुधा मिळणार नाही.’ मग ‘बहुधा’ खोडलं. खाली लिहिलं, ‘तिला नदीत सोडा.’

गल्लीच्या टोकाला टपालपेटी होती. पाकीट फटीत अर्धं सरकवून तो क्षणभर थांबला, मग त्याने बोटं सोडली. आत पाकीट तळाच्या पत्र्यावर आपटलं. तो आवाज त्याच्या अधू कानांनाही स्पष्ट ऐकू आला. पेटीत दुसरं एकही पत्र नसावं.