आईची लुगडी

संयोगितानं आईची सगळी लुगडी टपात कोंबली आणि धुण्याच्या पावडरची अख्खी पुडी वर उलटी केली.

रक्षाविसर्जनाची माणसं नुकतीच उठून गेली होती. वर्षाराणी, तिची वहिनी, सोप्यातल्या सतरंज्या गोळा करत होती. ती दारात येऊन थांबली.

“वन्सं, आजच कशाला? जरा पडा की.”

“घरात मयत झालं की धुवावंच लागतं, वहिनी.”

आवाज शांत होता. कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. गोठ्यात चंद्री पुन्हा रेकली.

चंद्री आईची म्हैस. तिचं रेडकू मेल्यापासून ती आईशिवाय कुणालाच पान्हवत नव्हती. आई गेल्यापासून दादानं तिचे पाय बांधून बघितले, पुढ्यात पेंड ठेवून बघितली. तिनं थेंब सोडला नाही. कास दगडासारखी झाली होती. सडं कायमची जातील म्हणून दादा काळजीत होता. सकाळी शेजारच्या तानाबाईनं वर्षाराणीला उपाय सांगितला. “म्हातारीचं लुगडं नेस आनि बस जा. म्हस वासावर पान्हवती.”

ते संयोगितानं स्वयंपाकघरातून ऐकलं. माणसं पांगताच तिनं आईची ट्रंक उघडली.

आई आजारी असताना ती पुण्याहून रोज फोन करायची. फोन वर्षाराणी उचलायची. “झोपल्यात,” म्हणायची आणि ठेवायची. शेवटी शेवटी आई संयोगिताचंच नाव घेत होती, हे तिला तानाबाईकडून कळलं. ती राधानगरी रस्त्यावरच्या फाट्यावर उतरली, तेव्हा सरण पेटलेलं होतं.

तिनं लुगडी दगडावर आपटली. मला आईचा आवाज मिळू दिला नाहीस. आता तुला तिचा वास मिळणार नाही. पुन्हा पावडर टाकली, पुन्हा आपटली. मग सगळी अंगणातल्या दोरीवर ओळीनं वाळत घातली, शहाण्या लेकीसारखी.

तिन्हीसांजेला वर्षाराणीनं त्यातलंच एक दमट लुगडं नेसलं आणि बादली घेऊन ती गोठ्यात गेली. संयोगिता पायरीवर बसून राहिली. आधी म्हशीचं फुस्कारणं ऐकू आलं. मग बादली भिंतीवर आपटली आणि दादा ओरडला, “अगं सरक बाजूला, मारंल ती!” वर्षाराणी गुडघा धरून बाहेर आली. लुगड्याला शेण लागलं होतं.

संयोगिताला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं.

ती धुणं काढायला उठली. आईचं हिरवं लुगडं हातात आलं. लहानपणी तापात ती याच पदराखाली झोपायची. तिनं ते तोंडाशी धरलं.

साबण.

तिनं दुसरं ओढलं. मग तिसरं. एकेका लुगड्यात तोंड खुपसत ती दोरीच्या टोकापर्यंत गेली. पुण्याच्या घरी आईचं काहीच नव्हतं. इथं होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं धुऊन टाकलं होतं.

मागं पाय ओढल्याचा आवाज आला. वर्षाराणी उभी होती. तिच्या हातात गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी होती.

“ह्ये घ्या. आत्याबाई गेल्या त्या दिवशी त्यांच्या अंगावरनं काढलेलं लुगडं. जाळा म्हणालती बायका. मी ठेवलंय.”

संयोगितानं पिशवी घेतली.

“तुम्ही कशापायी धुतलंसा, ते कळलंय मला,” वर्षाराणी म्हणाली. “मी तरी काय करू? वाटलं, उठतील दोन दिसांत. तुमास्नी कशाला पळवायचं पुण्यास्नं. चुकलंच माझं.”

“हे होतं तुमच्याकडं. मग लाथ कशाला खाल्ली?”

“म्हशीखाली नेसून बसलं की शेणामुताचा वास लागतोय. मग तुमास्नी काय ऱ्हायलं असतं?”

गोठ्यात चंद्री रेकली. आता तिचा आवाज फाटला होता.

संयोगितानं गाठ सोडली. चुलीचा धूर, मिश्री, घाम. आई. तिनं डोळे मिटून एकदाच श्वास घेतला, छाती भरेपर्यंत. मग लुगडं बाहेर काढलं आणि वर्षाराणीच्या खांद्यावर टाकलं.

“मी माफ केलेलं नाही तुम्हाला,” ती म्हणाली. “नेसा.”